रुक्मक्कांची वाटणी

रुक्मक्कांच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला दारातच अडवलं.

"तिथंच थांबा, तिथंच! स्वल्प कडेकडेनं या. त्याच्यावर पाय देऊ नका, अजून सिद्ध व्हायचंय."

खाली बघितलं तर सोप्यातल्या लाल सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूनं गणित मांडलेलं होतं. वर्तुळं, बाण, मध्येच कन्नड अक्षरं, मध्येच इंग्रजी. एका टोकाला पाटावर मांडी घालून बसलेल्या सत्तरीच्या ठेंगण्या बाई. चष्मा कपाळावर, खडू कानामागे. मी आणि माझी मुलगी ईरा भिंतीला पाठ घासत खेकड्यासारख्या आत गेलो आणि कोपऱ्यातल्या बाकावर टेकलो.

आम्ही नाशिकचे. नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आलो आणि गोकुलममध्ये राहिलो. ईरा ज्या आंतरराष्ट्रीय शाळेत जाते, तिथे अकरावीत प्रत्येकाला एक भलामोठा निबंध लिहावा लागतो. विषय स्वतः निवडायचा, वर्षभर खपायचं आणि शेवटी पुस्तिकेएवढं काहीतरी शाळेला द्यायचं. ईरानं हौसेनं गणित घेतलं आणि तिथेच गाडं अडलं. गणितात नेमकं कशावर लिहायचं, ते काही केल्या ठरेना. आमच्या गणपती मंडळातल्या एका बाईंनी सुचवलं, "लष्कर मोहल्ल्यात रुक्मक्का आहेत, त्यांच्याकडे जा. कॉलेजात गणित शिकवायच्या. आता रिटायर झाल्यात, पण मुलं अजून जातात. फक्त रागावू नका त्यांच्यावर."

रागावू नका, असं का म्हणाल्या ते पाच मिनिटांत कळलं.

"हं, विषय बघायला आलीस काय?" रुक्मक्कांनी ईराला विचारलं. "सांग, कोण कोण स्थळं आहेत?"

ईरानं फोनवरची यादी वाचायला सुरुवात केली. पहिलाच विषय मूळ संख्यांविषयीचा, जगभर गाजलेला, अजून कोणालाही न सुटलेला प्रश्न. तो तिच्या बाबांनी सुचवला होता. परदेशी विद्यापीठांवर छाप पडेल म्हणून.

"अय्यो!" रुक्मक्का म्हणाल्या. "त्याच्यापायी भली भली माणसं म्हातारी झाली गं. तू दिवाळीपर्यंत उरकणार? पुढचं."

"गणित आणि संगीत."

"नको. 'गणित आणि' म्हणून सुरू झालेलं काहीच नको. लग्नपत्रिका आहे काय ती? पुढचं."

"रांगोळीतले आकार."

"बेडा, बेडा! नकोच ते! दर वर्षी एक मुलगी रांगोळी घेऊन येते. माझ्या दारात रांगोळीला जागा उरली नाही."

यादी संपली. ईराचा चेहरा उतरला. मला जरा रागच आला, पण रुक्मक्का तोवर उठून आत गेल्या होत्या. "कॉफीगीफी घेणार ना?" असा आवाज आला. आम्ही चहाबिहा म्हणतो, त्या कॉफीगीफी म्हणत. त्यांच्या मराठीत असं कन्नड ठायी ठायी मुरलेलं होतं. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात मराठी, पण राग आला, प्रेम आलं किंवा गणित आलं की जीभ आपोआप कन्नडमध्ये वळायची.

कॉफी देता देता त्या ईराला म्हणाल्या, "तू मला विषय सांगितलेस. प्रश्न एकही सांगितला नाहीस. विषय म्हणजे गावाचं नाव. तिथं कोणाच्या घरी जायचंय, ते नको काय माहीत? एक वाक्य पायजे. शेवटी प्रश्नचिन्ह पायजे. आणि उत्तर तुला आधी माहीत नको. असं वाक्य सापडलं की ये. नाही सापडलं तरी ये, कॉफी आहेच."

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं, ईरा पुन्हा जायचं नाव काढणार नाही. पण पुढच्या शनिवारी तीच आधी तयार होऊन बसली.

मग ते शनिवारचं जाणं सुरूच झालं. मी सोडायला म्हणून जायची आणि बाकावर बसून राहायची. रुक्मक्कांकडे येणाऱ्या मंडळींची मोठी गंमत असे. गोकुलममध्ये योग शिकायला आलेली इंग्रिड नावाची एक उंचनिंच परदेशी मुलगी तिथे यायची. तिलाही तिकडच्या कॉलेजसाठी निबंध लिहायचा होता आणि इथल्या जुन्या देवळांच्या दारांत एक विशिष्ट पवित्र प्रमाण लपलेलं आहे अशी तिची खात्री होती. रुक्मक्कांनी तिच्या हातात मोजपट्टी दिली. "जा, मोजून ये." ती बिचारी उन्हातान्हात दारं मोजत हिंडली आणि एक दिवस रडवेली होऊन आली. एकाही दाराचं प्रमाण जुळत नव्हतं.

रुक्मक्कांना केवढा आनंद झाला! त्यांनी आतून बेसनाचा लाडू आणून तिच्या हातावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "नाही निघालं? फार छान. 'नाही' हेसुद्धा उत्तरच आहे. आता लिही, लोकांना ते तिथं आहे असं का वाटतं." इंग्रिड लाडू खात खात हसायला लागली. तिचा निबंध म्हणे तिकडे वाखाणला गेला.

विषय स्वतःचाच हवा, या हट्टामागचं कारण त्यांनी एकदा सहज सांगितलं. तरुणपणी पीएचडी करायची ठरली, तेव्हा सरांनी त्यांना एक विषय दिला. सरांना तो आवडत होता. "मी कधी विचारलंच नाही, मला आवडतो काय म्हणून. तेव्हा बायका विचारत नव्हत्या. ऐन उमेदीतली वर्षं दुसऱ्याचं लेकरू खेळवलं. चांगलं खेळवलं, डिग्री मिळाली, फोटो काढला. आणि परत त्याचं तोंड बघावंसं वाटलं नाही." एवढं बोलून त्यांनी ओल्या फडक्यानं जमिनीवरचं एक समीकरण पुसलं. "म्हणून म्हणते, चुकीचा असला तरी चालेल, पण तुझा असू दे."

एका शनिवारी आम्ही गेलो तर सोप्यात त्यांचे दोन्ही भाऊ बसलेले. थोरले गुरुअण्णा म्हैसूरबाहेर येलवालला मुलाच्या बंगल्यात राहायचे. धाकटे श्रीपती बेंगळुरूला बँकेत होते, निवृत्तीला आलेले. मधल्या रुक्मक्का. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आईला शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं, ती आदल्या वर्षी गेली आणि घराच्या वाटणीचा विषय निघाला.

आम्ही मागे फिरणार होतो, पण रुक्मक्कांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं. आम्ही गेलो तर भांडण वाढेल असं त्यांना वाटलं असावं. दोघे भाऊ समोरासमोर बसले होते, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. जे बोलायचं ते बहिणीमार्फत.

"त्याला सांग, सगळं विकून तीन सारखे भाग करू. न्याय म्हणजे न्याय," गुरुअण्णा म्हणाले.

"अण्णाला सांग, मी सहीगिही करणार नाही," श्रीपती म्हणाले.

"का करणार नाही, विचार त्याला."

"माझी मर्जी म्हणून सांग."

"तुम्हाला दोघांनाही ऐकू येतं ना?" रुक्मक्का म्हणाल्या. "मी काय टेलिफोन आहे?"

गुरुअण्णा उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. थोड्या वेळानं श्रीपतीही गेले. रुक्मक्का पाटावर बसल्या. कानामागचा खडू काढून नुसताच बोटांत फिरवत राहिल्या. त्या दिवशी गणित झालं नाही.

घरी येईपर्यंत ईराच्या डोक्यात ते भांडणच होतं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर एकदम म्हणाली, "आई, दोघांत वाटणी करायची तर सोपं आहे. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी निवडायचं. मग कोणीच कुरकुर करू शकत नाही. पण तिघं असले तर?"

तिचं तिलाच कळलं. हातातला घास तसाच राहिला. एक वाक्य होतं, शेवटी प्रश्नचिन्ह होतं आणि उत्तर तिला माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिनं तो प्रश्न रुक्मक्कांना सांगितला: तिघांत एखादी गोष्ट अशी वाटता येईल का, की कोणालाही दुसऱ्याचा वाटा आपल्यापेक्षा चांगला वाटणार नाही?

मला वाटलं होतं, रुक्मक्का खूश होतील. त्यांचा चेहरा कठीण झाला.

"माझ्या घरचं भांडण तुझ्या निबंधात घालणार काय?"

"घर नाही घालणार, आजी. केक घालेन. पुस्तकांत वाटणीसाठी केकच असतो."

"मला कळत नाही काय, केक कुठला ते? दुसरा शोध."

"तुम्हीच म्हणाला होतात, तुझा असू दे म्हणून," ईरा म्हणाली. "हा माझा आहे."

रुक्मक्कांनी पाठ फिरवून जमीन पुसायला घेतली. आम्ही उठलो. त्यानंतर दोन शनिवार आम्ही गेलो नाही आणि त्यांचाही फोन आला नाही. ईरानं विषय बदलला नाही. नेटवर, लायब्ररीत शोधून ती एकटीच वाचत बसायची. मी शाळेतल्या सरांशी बोलू का विचारलं, तर नको म्हणाली.

मग एका दुपारी रुक्मक्कांचा फोन आला. "ईराला घेऊन ये. येताना कोपऱ्यावरच्या हॉटेलातून एक मसाला दोसा आण. एकच."

आम्ही दोसा घेऊन गेलो. जमीन लख्ख पुसलेली होती. मधोमध ताट, ताटाशेजारी सुरी. रुक्मक्कांनी दोसा उलगडून ताटात पसरला आणि म्हणाल्या, "मला वाचून कंटाळा आला. केक, केक, केक! इथं केक कोण खातं? आता मी कापते. माझ्या मते तिन्ही तुकडे अगदी सारखे होतील असे. तुम्ही दोघी आधी उचला. राहील तो माझा."

बराच वेळ, डोकं तिरकं करकरून त्यांनी तीन तुकडे केले. ईरानं झटकन कुरकुरीत कडेचा लांबट तुकडा उचलला. मला मधली बटाट्याची भाजी आवडते, मी तो घेतला. रुक्मक्कांना लाल चटणीवाला राहिला.

"आता खरं सांगा. तुझ्या हिशेबानं तुला केवढा दोसा मिळाला?"

"अर्ध्याहून जास्तच," ईरा म्हणाली. "मधला भाग मला नकोच असतो."

"आणि तुला?"

"अर्धा तर नक्की," मी म्हणाले. "नुसती कड कोण खातं?"

रुक्मक्का आधी ताटाकडे, मग आमच्याकडे बघत राहिल्या. "माझा बरोबर तिसरा हिस्सा. म्हणजे अर्धा, अर्धा आणि वर एक तृतीयांश! नोडु, बघा तरी! एकाच दोशाचा एकाहून जास्त दोसा झाला की गं!" हे त्यांनी आधीच वाचलं होतं, त्यांना ठाऊक होतं. पण कागदावर ठाऊक असणं निराळं. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या.

मग एकदम थांबल्या. हळूच म्हणाल्या, "आम्ही तिघं इतके दिवस घर मोजतोय. कोणाला काय पायजे, हे कोणी विचारलंच नाही."

तिथून पुढचं काम खरं अवघड होतं. दोघांना एकच तुकडा हवा झाला तर काय? कोणी मुद्दाम खोटं सांगितलं तर? ईराचे पुढचे महिने त्यात गेले. आधीच्या लोकांनी शोधलेली रीत समजून घ्यायची, ती कधी मोडते ते पाहायचं, पुन्हा मांडायचं. रुक्मक्का तिच्या प्रत्येक वाक्याला अडवत. "हे 'साहजिकच' कोणाला साहजिक? मला नाही. पूस." ईरानं एका ठिकाणी लिहिलं होतं, 'समजा, प्रत्येक जण आपली आवड खरी सांगतो.' त्याच्याखाली रुक्मक्कांनी लाल पेनानं रेघ मारली. "खरं बोलणं गणितात फुकट मिळतं. घरात नाही मिळत. याच्यावर एक अख्खं प्रकरण लिही."

रुक्मक्कांनी स्वतःच्या घरात ते करून पाहिलं. दोन्ही भावांना वेगवेगळं बोलावलं आणि विचारलं, तुला काय पायजे? गुरुअण्णा म्हणाले, मला काही नको, मला न्याय पायजे. श्रीपती म्हणाले, तुला जे वाटेल ते. "दोघंही खोटारडे," असं रुक्मक्कांनी आम्हाला हसत सांगितलं. "मग मी म्हटलं, ठीक आहे. मी कापते. तुम्ही निवडा. मी शेवटी."

घराचे भाग सहज होण्यासारखे तीन होते. रस्त्यावरची पुढची बाजू, जिथे वडिलांचा छापखाना होता आणि आता भाड्यानं दुसरं दुकान होतं. मधला लाल जमिनीचा सोपा, स्वयंपाकघर आणि आईची खोली. आणि वेगळा जिना असलेला वरचा मजला, गच्चीसकट. तिन्ही सारखे नव्हते, म्हणून रुक्मक्कांनी एक न्हाणीघर इकडे, एक बोळ तिकडे, आईच्या दागिन्यांतलं काही एकीकडे असं करत तराजू जुळवला. कित्येक दिवस त्या मांडत होत्या आणि पुसत होत्या.

"अक्का, तुझा डाव काय आहे?" श्रीपतींनी विचारलं म्हणे.

"डाव नाही रे. प्रमेय आहे."

निवडीच्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो, आमचं तिथे कामही नव्हतं. जे कळलं ते रुक्मक्कांच्या तोंडून. गुरुअण्णांनी पुढची बाजू घेतली. वडिलांच्या छापखान्याची पाटी त्यांनी इतकी वर्षं येलवालच्या घरी जपून ठेवली होती. ती पुन्हा त्या भिंतीवर लावायची होती, आणि आज ना उद्या श्रीपती घर पाडणाऱ्याला विकून टाकेल, त्यापेक्षा आपणच आधी विकू, असं काहीतरी उफराटं त्यांच्या मनात होतं. इथवर रुक्मक्कांच्या अंदाजाप्रमाणे झालं. श्रीपती वरचा मजला घेतील, भाड्यानं देतील आणि मधला भाग आपल्याला राहील, असं त्यांनी धरलं होतं.

श्रीपतींनी मधला भाग घेतला.

"कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "आई गेली तेव्हा मी ऑडिटमध्ये होतो. मला त्या खोलीत राहायचंय. मी रिटायर होऊन परत येणार आहे." त्यांच्या बायकोलासुद्धा तेव्हाच कळलं. गुरुअण्णा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी धाकट्या भावाशी सरळ बोलले. काय बोलले? "एवढंच होतं तर आधी सांगायला काय झालं होतं तुला, गाढवा?"

आणि रुक्मक्कांना मिळाला वरचा मजला. चकचकीत पांढऱ्या टाइल्सचा.

पुढच्या शनिवारी आम्ही जिना चढून वर गेलो. सामान अजून लागलं नव्हतं. पांढऱ्या टाइल्सवर खडू उमटत नव्हता. ईरानं न राहवून विचारलं, "आजी, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मी कापलेलं आहे, बाळ. तिन्ही भाग मला सारखे वाटतात, असं मीच सांगितलं होतं. आता रडले तर खोटं बोलले होते असं सिद्ध होईल." त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "स्वल्प खोटं होतं म्हण. साधारण एका खोलीएवढं. पण निबंधात घालू नको हां."

ईरानं घातलं नाही. निबंधात शेवटपर्यंत केकच राहिला, फक्त एका तळटीपेत दोसा आला. तिला चांगले गुण मिळाले, सगळ्यात वरचे नव्हेत. परीक्षकानं म्हटलं होतं की माणसं खोटं का बोलतात, यावरचं प्रकरण गणिताच्या मानानं लांबलं आहे. रुक्मक्का त्या परीक्षकावर आठवडाभर चिडून होत्या. "त्याला भाऊबहीण नसणार," म्हणाल्या.

श्रीपती खरंच परत आले. आम्ही नंतर कधी गेलो तर खालच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास वर यायचा आणि पाठोपाठ "अक्का, ऊटा!" अशी जेवणाची हाक. दर रविवारी गुरुअण्णा येलवालहून यायचे आणि पाटी सरळ आहे की नाही यावर तिघं तासभर वाद घालायचे. आता कोणी कोणामार्फत बोलत नसे.

ईरा पुढे शिकायला बेंगळुरूला गेली आणि आमचं जाणं कमी झालं. गेल्या वर्षी रुक्मक्का गेल्या, दुपारी झोपेतच. कळल्यावर ईरा रात्रीच्या बसनं आली. खालीवर गर्दी होती, म्हाताऱ्या म्हाताऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या की बाई आम्हाला शिकवायला होत्या. श्रीपती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, जेवलात का.

पण मला त्या आठवतात त्या त्याच्या काही महिने आधीच्या. मी ऑफिसच्या कामासाठी हुणसूर रस्त्यानं चालले होते. एका सिग्नलला माझी गाडी थांबली. शेजारी एक जुनी स्कूटर. पुढे श्रीपती, डोक्याला मोठं हेल्मेट. मागे एका बाजूला पाय सोडून रुक्मक्का, मांडीवर मोठ्या फणसाच्या फोडी बांधलेलं फडकं, एका हातानं भावाचा खांदा घट्ट धरलेला. येलवालला अण्णांकडे निघाले असावेत. मी काच खाली करून हाक मारणार होते, पण त्या भावाच्या कानाशी वाकून काहीतरी जोरजोरात सांगत होत्या. हेल्मेटमुळे त्यांना ऐकू येत नव्हतं.

"एनु?" ते ओरडले.

"सरळ नव्हे रे, डावीकडे! पेट्रोल भरायचं नाही काय? एडक्के, एडक्के!"

सिग्नल सुटला. श्रीपतींनी मान डोलावली आणि स्कूटर सरळ नेली. रुक्मक्कांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग दोघांचेही खांदे हसण्यानं हलताना मला ट्रकाआड जाईपर्यंत दिसत राहिले.